मागच्या खोलीतली भिंत

४ मे

सौ. ताईस,

सा. न. वि. वि. साष्टांग मनातल्या मनात घातला आहे, कारण खोलीत आडवं व्हायला जागा उरलेली नाही. कारण पुढे येईलच.

तू चार वेळा फोन केलास आणि मी उचलला नाही, तो रुसवा नव्हे. घशाच्या डॉक्टरांनी मला सहा आठवडे बोलायला बंदी केली आहे. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने म्हणे घशावर जास्तच ताण येतो. मोबाइलवर टाइप कर म्हणशील, पण तुझ्या घरी तुझा फोन कोण कोण वाचतं ते मला ठाऊक आहे. त्यापेक्षा बंद पाकीट बरं. ज्या मुलीला अख्ख्या घराने भोंगा नाव ठेवलं तिच्यावर ही वेळ यावी! हस तू. मला हसायलाही बंदी आहे.

झालं असं. यंदा अंध विद्यार्थ्यांच्या संस्थेने मला शरीरशास्त्राचं जाडजूड पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करायला दिलंय. ते जवळपास अर्धं झालं, फुप्फुसांच्या प्रकरणाशी आले आणि खोकला सुरू झाला. एक पान अकरा वेळा वाचलं. मग आवाज बसला आणि उठेचना. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून मी मागच्या खोलीच्या भिंतींवर रजया टांगल्यात आणि खिडकीच्या फटींत स्पंज कोंबलाय, हे तू पाहिलंच आहेस. परवा एसीखालची रजई धुवायला काढली, तर तिची पाठ काळी कुळकुळीत. आणि भिंतीवर, तू लावलेल्या त्या फिक्या फुलांच्या वॉलपेपरवर, एसीपासून जमिनीपर्यंत काळा-हिरवा थर. कागद हाताला ओला लागतो. डॉक्टरांना सांगितल्यावर ते म्हणाले की ही बुरशी आहे, रोज सहा तास तिच्याशेजारी बसून श्वास घेतला तर घशाचं दुसरं काय होणार. आधी त्या खोलीतून बाहेर पडा, औषध नंतर. म्हणून तिथलं सगळं सामान पुढच्या खोलीत आणून कोंबलंय.

आता पंचाईत बघ. घर तुझ्या सासऱ्यांचं आणि मिळवून दिलंस तू. आठ खोल्या पाहिल्या होत्या, त्यात संस्थेच्या पसंतीला उतरेल इतकी शांत ही एकच निघाली. म्हणून मालकाला सांगण्याआधी मालकाच्या सुनेला विचारते, की तुझ्या मामंजींच्या कानावर हे कसं घालू? आणि अजून एक. लग्नानंतर तुम्ही दोघं तीन वर्षं याच घरात होतात, तुम्ही मोठ्या घरी गेलात आणि मी इथे आले. तुमच्या वेळी ही भिंत कशी होती?

भावोजींना नमस्कार. लोभ आहे तसा राहू दे, त्याला ओल लागू देऊ नकोस.

तुझी,
मुकी बहीण


११ मे

चि. भोंगा हिस,

अनेक आशीर्वाद, आणि त्यातले निम्मे तुझ्या घशाला.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, वाफ घे, गळ्याला रुमाल बांध. पंख्याखाली बसू नकोस. थंड पाणी पिऊ नकोस. पुस्तक शरीरशास्त्राचं आहे तर फुप्फुसं राहू देत, आधी हाडं वाच. हाडांना खोकला येत नाही. संस्थेच्या सरांना कळवलंस का? जेवण करतेस ना, की बोलायचं नाही म्हणून खायचंही नाही असं काही डोक्यात घेतलंस?

मामंजींच्या कानावर मी चहाच्या वेळी घातलं, अगदी सहज घातल्यासारखं. त्यांचं म्हणणं असं, की ती एसीची पाण्याची नळी त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेली आहे आणि चाळीस वर्षं नळ आणि पाइप विकलेल्या माणसाची नळी गळत नाही. खिडक्या बुजवल्या, वर रजया टांगल्या, तर भिंतीला घाम फुटणारच. रोज दोन तास खिडकी उघड आणि व्हिनेगरने पूस, आठवड्यात साफ होईल. ते मनाने वाईट नाहीत गं. फक्त पाइपाच्या बाबतीत त्यांना कोणी काही शिकवलेलं चालत नाही.

यांना विचारलं तर हे म्हणाले, बाबा म्हणतात ते करून बघायला काय हरकत आहे. यांची अवस्था दुकानातल्या काउंटरसारखी झाली आहे, दोन्ही बाजूंनी माणसं टेकतात. तेव्हा तूर्त लेखी असं काही देऊ नकोस, एवढं माझं ऐक.

दर आठवड्याला लिही. लोभ वाढव, खोकला कमी कर.

तुझी,
ताई


२० मे

सौ. ताईस,

सा. न. वि. वि. गुळण्या, वाफ, रुमाल, सगळं चालू आहे. हाडं वाचायला आवाज लागतो, एवढं एक तू विसरलीस.

खिडकी उघडली. खाली पत्र्याचं काम करणारा आहे, तो माझ्या खिडकीच्या बरोबर खाली दिवसभर पत्रा ठोकतो. एरवी स्पंजामुळे तो कळायचाच नाही. व्हिनेगरने भिंत पुसली, चौथ्या दिवशी थर पुन्हा हजर, जणू मी त्याला अंघोळ घातली. मग एसी दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने स्टुलावर चढून पाच मिनिटांत सांगितलं, की भिंतीतलं भोक यंत्रापेक्षा दोन बोटं वर आहे. नळीला उतारच नाही. पाणी वर चढून बाहेर जाणार कसं, ते मागे फिरतं आणि भिंतीत मुरतं. ही चूक बसवतानाचीच, खिडकी उघडी असो की बंद. मी पाटीवर लिहून विनंती केली की एवढं कागदावर द्या. तेव्हा त्याने विचारलं की घर कोणाचं. मी लिहिलं. तो स्टूल उचलून निघालाच. तो सगळे पाइप तुमच्याच दुकानातून घेतो.

रविवारी तुझे मामंजी स्वतः आले. दाराशी उभं राहून नळीवर तीनदा टिचकी मारली आणि म्हणाले की खणखणीत आहे. मी पाटीवर उताराचं लिहून पुढे धरलं. त्यांनी सांगितलं की चष्मा घरी राहिला. मी मोठ्या अक्षरात लिहिलं. तरी चष्मा घरीच. ताई, ज्याला बोलता येत नाही त्याने ज्याला वाचायचं नाही त्याच्याशी भांडायचं कसं? करारावर मात्र त्यांनी बिनचष्म्याने बोट ठेवलं: यंत्राची देखभाल भाडेकरूकडे, भिंती आणि नळ मालकाकडे. नळी यंत्राची, म्हणून माझी. आणि माझ्या नळीने त्यांची भिंत खराब केली, म्हणून भिंतही माझीच. तीन वर्षांच्या करारातली दीड वर्षं उरली आहेत. त्याआधी जायचं तर भिंत मुळात होती तशी करून द्यायची. म्हणजे राहिले तर घसा जातो आणि निघाले तर मी घर नासवून पळाले असं होतं, आणि तेही तुझ्या सासरी. दार उघडंच आहे आणि मला बाहेर पडता येत नाही.

तू अकरा गोष्टी विचारल्यास, सांगितल्यास. मी मोजल्या. मी विचारलेली एकच होती, तुमच्या वेळी भिंत कशी होती, आणि तेवढंच राहून गेलं. पुढच्या पत्रात लिही.

लोभाची मुदत मात्र करारात नाही, तो चालू ठेव.

तुझी,
भोंगा (बंद)


२७ मे

चि. भोंगा हिस,

अनेक आशीर्वाद. घाईत लिहिते, दुपारी पोस्टात जाणार आहे तेवढ्यात.

इतक्या जुन्या गोष्टी आता काय आठवणार? मी नवी होते, सगळा वेळ स्वयंपाकघरात. भिंतीकडे बघायला कोणाला फुरसत होती? वॉलपेपर मी हौसेने लावला होता, फुलं आवडली म्हणून, बाकी काही नाही.

तू भाडेकरूंच्या तक्रारीच्या कार्यालयात अर्ज दिलास हे इथे कळलं. आधी मला कळवायचं होतंस. जेवताना तुझा विषय निघाला की मी पाणी आणायला उठते. परवा तीन वेळा उठले, तर मामंजींनी विचारलं की तांब्या फुटका आहे का. मला तुझी काळजी वाटते आणि इथलीही वाटते. दोन्ही एकाच वेळी कशी करायची ते कोणी शिकवलं नाही.

आवाजाचं कळव. राग धरू नकोस, लोभ धर.

तुझी,
ताई


१५ जून

सौ. ताईस,

सा. न. वि. वि. आज तुला लिहायची लाज वाटते आहे, पण तुझ्याशिवाय हे कळेल असं दुसरं माणूस या जगात नाही.

कार्यालयातून चिठ्ठी आली की मंगळवारी अकरा वाजता तपासणीच्या बाई येतील. तोवर भिंतीला मी मुद्दाम हात लावला नव्हता. थर चांगला तळहाताएवढ्या पट्ट्यांनी वाढला होता, वास दारापर्यंत येत होता. इतकी भरभक्कम साक्ष कोणाकडे असेल? सोमवारी सकाळी उठले आणि हात आपोआप बादलीकडे गेले. शपथेवर सांगते, मी विचार केलाच नाही. परकं माणूस घरात येणार म्हटल्यावर आईने आपल्याला काय शिकवलं? आपण तापाने फणफणत असलो तरी डॉक्टर यायच्या आत ती आपल्या अंगाखालची चादर बदलायची. मी ब्लीचच्या पाण्याने भिंत घासली, टेबलफॅन लावून वाळवली, काळी रजई धुऊन नवी टांगली. फरशी पुसली. फुलदाणीसुद्धा ठेवली गं! सगळं झाल्यावर हात कोरडे करताना लक्षात आलं, की माझी साक्ष मीच पुसून टाकली.

बाई आल्या. भल्या आहेत. त्यांनी रजई उचलली, भिंतीवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं. म्हणाल्या की वीस वर्षांच्या नोकरीत इतकं नीटनेटकं भाड्याचं घर पाहिलं नाही. मी पाटीवर लिहिलं की काल पुसलं. त्यांनी विचारलं, का पुसलं? याचं उत्तर पाटीवर मावेना. त्यांना डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहावं लागतं, आणि अहवालात तेच आलं, की बुरशी आढळली नाही, घर उत्तम राखलं आहे.

आता पुन्हा तपासणी हवी असेल तर एकच वाट आहे. ही गळती मी राहायला येण्याआधीपासूनची आहे, असा पुरावा द्यायचा. तो कुठून आणू? बंदीचे सहा आठवडे आज संपले. डॉक्टरांनी अ म्हणायला सांगितलं. आला तो अ नव्हता, दार करकरल्यासारखं काहीतरी होतं. त्यांनी बंदी आणखी सहा आठवडे वाढवली. परीक्षा ऑक्टोबरात आहे आणि अर्ध्या पुस्तकावर मुलं बसून आहेत.

एवढ्या मूर्ख बहिणीवरचा लोभ कमी झाला असेल तर तसं स्पष्ट कळव.

तुझी,
स्वच्छ घरातली


२१ जून

चि. भोंगा हिस,

अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा. पत्र वाचून आधी हसले, मग पदराने डोळे पुसले. मूर्ख कसली? मीही हेच केलं असतं. मी तर पडदेही धुतले असते.

मामंजींनी तो अहवाल दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवला आहे. पाइप घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावतात. हे तिथेच उभे असतात, मान खाली घालून माल मोजत. घरी आल्यावर मी म्हटलं, तुम्ही एक शब्द तरी बोला. हे म्हणाले की बोलून काय होतं. तसं बोललेले मीही नाही.

तू भिंत पुन्हा पुन्हा घासू नकोस. आणि तो वॉलपेपर ओढायच्या भानगडीत तर मुळीच पडू नकोस. त्याच्याबरोबर गिलावा येईल आणि तेही तुझ्याच माथी मारतील. आहे तसा राहू दे. पुढच्या खोलीत झोपत जा.

लोभ कमी व्हायचा प्रश्न येत नाही. तो आईने चादरीखाली घालून ठेवलाय.

तुझी,
ताई


२ जुलै

सौ. ताईस,

वि. वि. आज नमस्कार राहू दे, नंतर घालेन.

वॉलपेपर मी ओढला नाही. ब्लीचच्या पाण्याने त्याचा डिंक सुटला होता. रविवारी दुपारी पुढच्या खोलीत बसले होते, तर मागून काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर फुलांचा अख्खा पट्टा एसीखाली लोळत पडलेला.

मागच्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. एसीच्या खालून सुरू होऊन खाली खाली उतरत गेलेल्या, एकूण नऊ. मुलांची उंची मोजायला काढतात तशा, फक्त उलट्या. ओल कुठपर्यंत आली ते दाखवणाऱ्या. प्रत्येक रेघेपुढे तारीख. आणि ताई, तुझा पाच मी कुठेही ओळखेन, पोट फुगवलेला. पहिली तारीख तुझ्या लग्नानंतर चार महिन्यांनीची आहे. शेवटची त्या आठवड्यातली, ज्या आठवड्यात तू मला फोन करून सांगितलंस की अगदी शांत खोली मिळाली आहे, बघायला ये.

मला राग आला आहे. लिहून ठेवते, कारण ओरडता येत नाही. तुला माहीत होतं. पहिल्या पत्रात मी विचारलं तेव्हाही माहीत होतं, आणि तू मला मिठाच्या गुळण्या सांगितल्यास.

रेघांचे फोटो काढले आहेत. कार्यालयाला हवा होता तो पुरावा हाच. पण तो दाखवला की या कोणी काढल्या हा पहिला प्रश्न येणार, आणि मग तुझं त्या घरात काय होईल ते मला कळतं. तुला विचारल्याशिवाय दाखवणार नाही. आणि एवढं होऊनही मी तुलाच विचारते आहे, याचा सगळ्यांत जास्त राग येतो.

लोभाचं मला आज काही सांगता येत नाही.

धाकटी


९ जुलै

चि. भोंगा हिस,

अनेक आशीर्वाद. घेववत असले तर घे.

हो, माहीत होतं. लग्नानंतर चार महिन्यांनी भिंत ओली दिसली. मी मामंजींना दोनदा सांगितलं. ते म्हणाले की नवी सून आली आणि घराला नावं ठेवायला लागली. यांना सांगितलं तर हे म्हणाले की बाबांनी स्वतः बसवलं आहे. मला वाटलं, आपण पुरावा ठेवावा. म्हणून दर काही महिन्यांनी रेघ काढत गेले. नऊ रेघा झाल्या आणि त्या बघायला एकदाही कोणी आलं नाही. मी दोन वर्षं खोकत होते. सगळे म्हणायचे, नाजूक आहे. मग सासूबाई गेल्या, मोठ्या घरच्या स्वयंपाकघरात बाईमाणूस हवं झालं आणि आम्हाला तिकडे बोलावलं. मोकळी झाले, असं वाटलं मला!

तेव्हाच तू खोली शोधत होतीस. मी स्वतःची समजूत घातली, की वर वॉलपेपर लावला म्हणजे झालं, रोज थोडाच एसी लागतो. पण खरं कारण ते नव्हतं. तू जवळ यावीस असं वाटत होतं. या घरात एवढी माणसं येतात जातात, पण माझं म्हणावं असं एक नाही. मी माझ्या सोबतीसाठी तुला त्या भिंतीपाशी बसवलं. तुझा आवाज मी घेतला गं. याची माफी मागायची तर कोणत्या शब्दांत, ते मला सुचत नाही.

सोबत वेगळा कागद आहे. त्यात कार्यालयाच्या नावे लिहिलं आहे, की मी त्या घरात तीन वर्षं राहिले, नळी पहिल्यापासून गळत होती, मालकांना मी दोनदा सांगितलं होतं, रेघा माझ्या हातच्या आहेत, आणि आताच्या भाडेकरूचा यात काही दोष नाही. खाली पूर्ण नावाने सही केली आहे. त्यात कुठेही लोभ असावा असं लिहिलेलं नाही, कार्यालयाला तो लागत नाही. तू तो कागद दे. मला विचारत बसू नकोस. माझं काय होईल ते माझ्याकडे.

इथे मात्र लिहिते, लोभ असू दे. जमेल तेव्हा.

तुझी,
ताई


३० जुलै

सौ. ताईस,

सा. न. वि. वि. मागचाही घातला, दोन्ही एकदम पोचले समज.

तुझा कागद दिला. बाई पुन्हा आल्या, रेघांना पट्टी लावून मोजलं, तुझा कागद दोनदा वाचला. निकाल लागला, की नळीचा उतार आणि भिंत महिनाभरात मालकाने दुरुस्त करायची, भाडेकरूवर कसलीही जबाबदारी नाही, हवं तेव्हा घर सोडता येईल. मी त्याच संध्याकाळी रजया गुंडाळल्या. आता बसस्टँडमागे एका शिंप्याच्या घरातली वरची खोली घेतली आहे. एसी नाही. खिडक्या दोन आहेत आणि भिंती ठणठणीत कोरड्या. गोंगाट एवढा, की ध्वनिमुद्रण करायला संस्थेतच जावं लागेल.

राग अजून आहे. रोज सकाळी बघते, थोडा कमी झालेला असतो. पण तो कागद लिहायला काय लागलं असेल ते मला कळतं, आणि त्या घरात तू आता कशी आहेस याच विचाराने जीव टांगणीला लागला आहे. तू तीन आठवड्यांत एक ओळही लिहिली नाहीस. लगेच कळव.

लोभ परत यायला निघाला आहे, वाटेत आहे.

तुझी,
भोंगा


१८ ऑगस्ट

चि. भोंगा हिस,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचा पत्ता बघून मी चुकून तुझाच जुना पत्ता लिहिला असं वाटेल. चूक नाही. मी इथूनच लिहिते आहे.

तू घर सोडलंस त्याच्या तिसऱ्या दिवशी मामंजी जेवण झाल्यावर अगदी शांतपणे म्हणाले, की ज्यांना या घरातले दोष एवढे बारकाईने दिसतात त्यांनीच तिथे राहून ते सांभाळावं. आवाजसुद्धा चढवला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. हे उठले आणि माळ्यावरून खोकी काढायला लागले. मला वाटलं होतं, निदान एकदा तरी थांबतील.

दुरुस्ती झाली म्हणायची. मालकाच्याच घरची माणसं राहायला आल्यावर निकाल कोणी बजावून घेत नाही, हे मामंजींना कोणीतरी सांगितलं. त्यांनी रेघांवरून रंगाचा एक हात मारून घेतला आणि नळीला नवी पट्टी गुंडाळली. भोक तिथेच आहे. पुढच्या खोलीत दुकानाचा माल भरलाय, छतापर्यंत पाइपच पाइप, म्हणून झोपायला मागचीच खोली. एसी बंद ठेवला तर भट्टी होते आणि यांना सकाळी दुकान गाठायचं असतं. चालू ठेवला तर काय होतं ते तुला सांगायला नको. रंगाला खालच्या बाजूने फुगवटा आलाच आहे.

मी त्या कार्यालयात जाऊन आले. बाईंनी मला ओळखलं, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की करार आहे का. नाही. भाडं देता का? नाही. मग त्या म्हणाल्या की तुम्ही मालकाच्या घरच्या, तुमच्या नावाने फाइलच उघडता येत नाही. भाडेकरू तक्रार करू शकतो. सुनेने कुठे करायची असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आणखी पाणी हवं का विचारलं.

काळजी करू नकोस. मी बरी आहे. सकाळी आवाज जरा जड येतो, चहा घेतला की मोकळा होतो. इथून निघायचं म्हटलं तर यांना दुकान तुटतं आणि दुकानाशिवाय यांनी कधी काही केलेलं नाही. शिवाय कोणत्या तोंडाने निघू? तुला मी याच भिंतीपाशी दीड वर्षं बसवलं. थोडे दिवस मी बसले तर कुठे बिघडलं.

तुझा आवाज आला का? तेवढं कळव. लोभ वाटेत आहे म्हणालीस. पत्ता बदलल्याचं त्याला सांग.

तुझी,
ताई


५ सप्टेंबर

सौ. ताईस,

सा. न. वि. वि. आवाजाचं विचारलंस. सांगते.

जुलैअखेर डॉक्टरांनी पुन्हा वाढवलेली बंदी काल उठली आणि मी संस्थेत गेले. दारात उभी राहून सरांना नमस्कार म्हटलं. सात वर्षं मी त्यांच्याकडे वाचते आहे. ते जन्मापासून अंध, आणि जिन्यात मी कोणाशी बोलत असले तर वरूनच माझ्यासाठी चहा सांगायचे. त्यांनी मान वर केली आणि फार सभ्यपणे विचारलं, की आपण कोण?

मी नाव सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं.

मग कळल्यावर त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. पुस्तक पुरं करायला त्यांनी मलाच सांगितलं आहे. अर्धं आधीच्या आवाजात, फुप्फुसांपासून पुढे या आवाजात. मुलांना सवय होईल म्हणाले. डॉक्टर म्हणतात की आहे एवढाच येईल, याहून जास्त नाही. खूप रडले. माझं त्याच्याशिवाय दुसरं काय होतं गं? हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. तुझ्यापासून लपवायला नको म्हणून लिहिते. आपण दोघींनी लपवून बघितलं आहे.

आता माझं ऐक. लहानपणापासून तूच सांगत आलीस आणि मी ऐकलं, आज उलटं. थोडे दिवस मी बसते, असं तू लिहिलंस. तुझ्या बसण्याने माझा आवाज परत येणार नाही. एवढंच होईल, की मग दोघींचा नसेल. सकाळी जड येतो आणि चहाने मोकळा होतो, हे वाक्य मार्चमध्ये मी माझ्या डायरीत लिहिलं होतं, काढून बघितलं. भावोजींना विचारत बसू नकोस. ते मामंजींना विचारतील आणि मामंजींचा चष्मा घरी असेल. भावोजींना यायचं असेल तर त्यांनाही जागा करू, पण तू त्यांच्यासाठी थांबायचं नाहीस. या खोलीत दोन खाटा मावतात, मी पट्टीने मोजून पाहिलं. खाली शिंपीणबाईंना काजं-बटणं करायला हात हवा आहे, त्यांना मी तुझं सांगून ठेवलं आहे.

रविवारी सकाळी दहाच्या बसने येते. कपडे भरून ठेव, बाकी काही घेऊ नकोस. घर आवरत बसू नकोस. खालून हाक मारली तर तू ओळखणार नाहीस, म्हणून वर येऊन दार वाजवीन.

लोभाचं मग बघू. आधी दार उघड.

तुझी,
धाकटी